बेस, एक नग

याकोब साळवे. माझ्यावर ज्या माणसाचे सर्वांत जास्त उपकार आहेत त्याचं नाव आधी लिहून टाकतो. एकदा भरल्या खोलीत मी हे नाव घेतलं होतं, पण चुकीच्या वाक्यात घेतलं. तेव्हापासून ते असं सुटं लिहिलं तरच माझ्या हाताला जमतं.

मार्च सरत आला की आमच्या संत तुकाराम नगरात कडुलिंब फुलतात. फुलं डोळ्यांत भरत नाहीत, वास येतो; नाकाला गोड, घशात उतरला की कडू. सकाळी व्हरांड्यात चहा घेऊन बसलं की बशीत दोन-चार पांढरे ठिपके पडलेले असतात. परीक्षांचे दिवसही हेच. या दिवसांत वसाहतीतल्या रेडिओंचे आवाज लहान होतात आणि खिडक्याखिडक्यांतून घोकंपट्टी ऐकू येते. परवा शेजारची मंगल, यंदा सातवीला आहे, कठड्याला टेकून इंग्रजी शब्द पाठ करत होती. "बी ए एस ई बेस, बेस म्हणजे पाया. बी ए एस ई बेस, बेस म्हणजे पाया." मी उठून आत आलो आणि दार लोटून घेतलं.

"अहो, वारा येत होता की," बायको म्हणाली.

"त्या लिंबाचा वास सहन होत नाही," मी म्हणालो. नऊ वर्षं मी हेच सांगत आलोय, आणि लग्नाला सहा वर्षं झाली तरी तिने पुढे विचारलेलं नाही.

मी निघोज्याचा. आमच्या विहिरीवर ऑइल इंजिन आलं ते बासष्टच्या सुमारास; मी तेव्हा दहा वर्षांचा असेन. त्याआधी शेतातले सगळे आवाज वरचे होते. पाखरांचे, बायकांच्या हाकांचे, बैलांच्या घुंगरांचे. इंजिनाचा ठोका मात्र कानात यायच्या आधी तळपायांत यायचा. ज्वारीच्या ताटांत अनवाणी उभं राहिलं की जमिनीखालून कुणीतरी सावकाश दार वाजवतंय असं वाटायचं. वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, घड्याळ कळत नव्हतं. पण बांधावर कुणाशी बोलता बोलता ते मधेच हात वर करून गप्प व्हायचे. "चुकला," म्हणायचे. आम्हाला काहीच ऐकू आलेलं नसायचं. जाऊन पाहावं तर पट्टा सरकलेला, नाहीतर इंजिन तापलेलं. ठोका चालू असेपर्यंत त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं आणि तो चुकला की सगळं शिवार थांबतं, हे मी तात्यांकडून शिकलो. ते संगीताचं शिक्षण चाललंय हे तेव्हा त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही.

दुसरा आवाज देवळातला. माझे चुलते भजनात पखवाज वाजवायचे. पखवाजाच्या डाव्या तोंडावर वाजवण्याआधी ओली कणीक थापतात. कणीक नसली तर ते तोंड रिकाम्या डब्यासारखं बोलतं; कणीक बसली की त्यातून असा धुमकार निघतो की पोटात काहीतरी हलतं. लोक अभंग म्हणणाऱ्याकडे पाहायचे, मी त्या कणकेकडे पाहायचो. आमच्या घरी गव्हाची पोळी सणावारालाच व्हायची, पण भजनाला दर एकादशीला मूठभर कणीक जायची, आणि आई ती न कुरकुरता द्यायची. पखवाज बोलला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं.

शाळा चाकणची. इंग्रजी आम्हाला उशिरा लागलं, आणि लागलं तेही डोळ्यांनी. शब्द फळ्यावर पाहायचा, मराठीसारखा वाचायचा, अर्थ घोकायचा. शिक्षक कळकळीचे होते, पण त्यांनी तरी ती भाषा कुणाच्या तोंडून ऐकली होती? त्यामुळे आमच्या डोक्यात इंग्रजीची दोन गावं वसली. एक वाचायच्या शब्दांचं, एक ऐकायच्या शब्दांचं, आणि दोन्हींच्या मध्ये रस्ता नव्हता. माझ्या हातून जे झालं ते त्या न बांधलेल्या रस्त्यावर झालं.

पिंपरीच्या एका कंपनीत मी टाइम ऑफिसात हंगामी कारकून म्हणून लागलो. रोज निघोज्याहून सायकलने यायचो, इंद्रायणी ओलांडून, चिखलीच्या मळ्यांमधून. बी.ए.ची परीक्षा बाहेरून देत होतो. पदवी मिळाली की कायम करू, असं साहेबांनी सांगितलं होतं. काम दोन प्रकारचं. एक हजेरीचं, दुसरं गेटपासचं. कंपनीच्या फाटकातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला पास लागायचा, स्वतःचा मोडका जेवणाचा डबा न्यायचा असला तरी. वस्तूचं नाव, नग किती, कुणाची, खाली सही. पास इंग्रजीत लिहायचा. माझं अक्षर वळणदार, म्हणून ते काम माझ्याकडे आलं आणि त्याचा मला अभिमान होता.

साळवेमास्तर टूलरूमला फिटर होते. नगरकडचे मराठी ख्रिस्ती, वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने बारीक, हात मात्र एखाद्या पैलवानाचे काढून लावल्यासारखे. मास्तर हे नाव कंपनीतलं नव्हे, देवळातलं, म्हणजे त्यांच्या चर्चमधलं. त्यांच्या देवळात रविवारी गाणाऱ्यांचा जो ताफा असे त्याला ते शिकवायचे. स्वतः सगळ्यांत खालच्या पट्टीत गायचे. जेवणाच्या सुटीत टूलरूममागच्या कडुलिंबाखाली बसायचे. एक दिवस मला तिथे निबंध घोकताना त्यांनी पाहिलं.

"काय रे शिंदे, मंत्र म्हणतोस का?"

"बी.ए.चं इंग्रजी आहे, मास्तर."

"आण इकडे. आधी अर्थ कळू दे, मग म्हण. देव पण अर्थाशिवाय ऐकत नाही, परीक्षक कुठला ऐकणार?"

त्या दिवसापासून दोन वर्षं, रोज अर्धा तास. त्यांचं इंग्रजी मिशनच्या शाळेतलं होतं, स्वच्छ. माझी वाक्यं ते कानशीने लोखंड घासावं तशी घासायचे. भाकरीचा तुकडा हातात, डोळे मिटलेले, आणि मी वाचत असताना मधेच, "थांब. इथे खरखर लागली." माझ्या बी.ए.चं इंग्रजी त्यांनी करून घेतलं. हा पहिला उपकार, आणि नुसता एवढाच असता तरी जन्मभर पुरला असता.

पुढे ते मला रविवारी घरी बोलवू लागले. कंपनीच्या वसाहतीत दोन खोल्या. तिथे मी खोकंभर रेकॉर्डं पाहिली. नगरच्या मिशन दवाखान्यातला एक अमेरिकन डॉक्टर मायदेशी परत जाताना ती मागे ठेवून गेला होता. बहुतेक गाणारे काळे लोक. मास्तरांनी सुई टेकवली आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. आवाज वरून गाणाऱ्या बाईचा होता, पण मला ऐकू आला तो खालचा. आमच्या विहिरीवरचं इंजिन! तोच सावकाश ठोका, पण आता त्याला चाल होती, तो वळत होता, थबकत होता, खोडी काढत होता. मग बाई एक ओळ गायली आणि मागच्यांनी ती उचलली, थेट आमचे टाळकरी उचलतात तशी.

"मास्तर, हे भजन आहे."

मास्तर हसले. "बरोबर ओळखलंस. हे लोक देवळात गायचे तेच गाणं बाहेर घेऊन आले. देवाच्या जागी बाई आली, एवढाच काय तो फरक. याला सोल म्हणतात. सोल म्हणजे आत्मा."

त्यांच्या पत्नी मार्थाबाई चुलीपाशी शेंगा सोलत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "आत्मा कसला! सोल म्हणजे सोल. साल काढून गातात ते मेले, ऐकवत नाही."

"तिचंच खरं आहे," मास्तर म्हणाले.

आणि मग त्यांनी पलंगाखालून एक वाद्य काढलं. चार जाड तारा, लांब मान, लाकूड ठिकठिकाणी टवके गेलेलं. बेस गिटार. ते दर शनिवारी संध्याकाळी पुण्याला कॅम्पातल्या एका क्लबात बँडबरोबर हे वाजवायचे. त्यांनी ते माझ्या पोटाला टेकवलं आणि माझा अंगठा धरून सगळ्यांत जाड तार ओढली. चुलत्यांच्या पखवाजावरची कणीक माझ्या बरगड्यांत बोलली.

कंपनीत तापलेलं लोखंड ठोकणारा फोर्जिंगचा मोठा हॅमर होता. तो पडायचा तेव्हा टाइम ऑफिसातल्या बशा किणकिणायच्या. मी टेबलाखाली पायाने ताल धरायचो त्याच्याबरोबर. मास्तरांनी ते एकदा पाहिलं. "हॅमरबरोबर नको. हॅमरच्या किंचित मागे. त्याला पुढे जाऊ दे, तू दार लावायला मागून ये." सगळं सोल संगीत या एका वाक्यात आहे, असं मला आजही वाटतं. आणखी एक वाक्य होतं त्यांचं. "बेसवाला वाजवत असतो तोवर कुणाला दिसत नाही. थांबला की सगळ्यांना कळतं."

घरी तात्यांनी विचारलं, "त्या किरिस्तावाकडं काय शिकतूयास रं दर ऐतवारी?"

"बेस."

"बेस हाय, पर काय शिकतूस?"

"बेस वाजवायला शिकतोय, तात्या."

"आरं, बेस वाजवितूस का वंगाळ, ते लोक ठरिवत्याल. तू काय वाजवितूस त्ये सांग की!"

आई हसून हसून लोटपोट झाली. आमच्याकडे चांगल्याला बेस म्हणतात. मी मास्तरांना हे सांगितलं तेव्हा तेही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पुढे कितीतरी दिवस मी भेटलो की विचारायचे, "काय राव, बेस का?" त्या शब्दाशी आम्ही इतके खेळलो, पण तो इंग्रजीत कसा लिहितात हे कधी बोलण्यात आलंच नाही. रेकॉर्डांच्या पाकिटांवर वादकांची नावं असायची. एका नावापुढे बी, ए, दोनदा एस असं असायचं. ते मी पुष्कळदा पाहिलं होतं. माझ्या डोळ्यांनी ते मराठीत वाचलं, बास. मला वाटायचं, यादी संपली, पुरे, म्हणून लिहीत असतील.

त्या वर्षी मार्चमध्ये वाद्याची मान सैल झाली. मास्तरांनी फोरमनला विचारून ते टूलरूममध्ये आणलं, सुटीत बसून एक पितळी पट्टी घडवली, मान पक्की केली. आत आणताना फाटकावर महाळुंग्याचा धोंडिबा होता, पलटणीतून परतलेला, भरघोस मिशांचा. त्याने आवकच्या वहीत मराठीत लिहिलं, "बाजा १." दुरुस्त झाल्यावर मास्तर टाइम ऑफिसात आले.

"परीक्षा झाली की महिनाभर सुटी आहे ना तुला? हा घरी घेऊन जा. बोटं बसव. पास माझ्या नावाने फाड, तुझ्या नावाने नको. हंगामी माणूस तू."

"वस्तूचं नाव काय लिहू?"

"बेस लिही. एक नग." हात तेलाचे होते, ते पुसत पुसत ते खिडकीबाहेर पाहत होते. मी वळणदार अक्षरात लिहिलं. बी, ए, एस, ई. एक नग. पोत्यात गुंडाळून मास्तरांनीच तो फाटकाबाहेर आणला; पुढे वळणावर मी तो सायकलच्या कॅरिअरवर बांधला आणि निघोज्याला नेऊन ज्वारीच्या कणगीमागे ठेवला.

आठवड्याने टूलरूममधल्या एका लहान ग्राइंडिंग मशीनचा बिडाचा पाया सापडेना. कंपनीत त्या पायाला बेस म्हणतात. शोधाशोध झाली, फाटकावरचे पास चाळले गेले, आणि माझं वळणदार अक्षर वर आलं.

चौकशी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाली, माझ्या इंग्रजीच्या पेपरच्या दोन दिवस आधी. हिरव्या कापडाचं टेबल, त्यामागे पर्सोनेल खात्याचे साहेब, समोर मास्तर, बाजूला फोरमन, दाराशी धोंडिबा, आणि पासांची पुस्तकं घेऊन मी. खिडकीबाहेर तोच कडुलिंब फुललेला. फोरमनने सांगितलं की त्यांनी कसलं तरी वाद्य आणायला परवानगी दिली होती, न्यायला दिल्याचं आठवत नाही. मग धोंडिबाला विचारलं.

"साहेब, मी इचारलं, काय हाय? तर हे म्हनले, बेस हाय. म्हनलं, बेस तर बेस."

खोली हसली. साहेबही हसले, आणि मग हसणं पुसून त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"आत आला तो बाजा. बाहेर गेला तो बेस. मग बाजा कुठे आहे, साळवे?"

"दोन्ही एकच, साहेब. तो बिडाचा पाया उचलायला दोन माणसं लागतात. मी तो या वयात एकट्याने नेला असता, तर तुम्ही मला बक्षीस द्यायला हवं."

"पासवर स्पष्ट लिहिलंय."

"स्पेलिंग वेगळं असतं. बी, ए, डबल एस."

साहेबांनी खणातून लहान शब्दकोश काढला. बोट फिरवलं. "इथे तर मासा दिलाय. एक जातीचा मासा. म्हणजे फाटकातून तुम्ही मासळी नेलीत?"

पुन्हा हसू. मी हसलो नाही. बास. यादीच्या शेवटी असायचा तो शब्द. माझ्या डोक्यातल्या दोन गावांमधला रस्ता त्या क्षणी बांधून झाला आणि त्या रस्त्याने जे समोरून आलं ते पाहून माझे कान तापले.

"बरं, वाद्य आणून दाखवा. मिटलं."

मास्तर म्हणाले, "एकाकडे दिलंय, साहेब."

"नाव सांगा."

"नाव नाही सांगणार. त्याचे परीक्षेचे दिवस आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ज्याने पास लिहिला त्याच्याच घरी वस्तू गेली आहे, हे कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझी हजेरी लागली नसती, हे आम्हा दोघांना माहीत होतं. पण मी खरं सांगतो, त्या क्षणी मला नोकरीची भीती दुसरी वाटली. पहिली भीती वाटली ती हसण्याची. गावातला पहिला पदवीधर होऊ घातलेला, ज्याच्या इंग्रजीवर विश्वासून पासांची पुस्तकं दिली, त्याला चार अक्षरी शब्द लिहिता आला नाही, हे ऐकून ती खोली तिसऱ्यांदा हसली असती.

"शिंदे, पास तुम्ही लिहिलात?"

"होय, साहेब."

"हा शब्द तुमच्या मनाने लिहिलात, की साळवेंनी सांगितला?"

"साळवेमास्तरांनी सांगितलं तेच लिहिलं, साहेब."

हे वाक्य खरं होतं. शपथेवरही टिकलं असतं. इतकं खरं वाक्य वापरून इतकं खोटं बोलता येतं, हे मला बी.ए.च्या कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं.

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "मीच सांगितलं."

बेसवाला थांबला की सगळ्यांना कळतं, असं ते म्हणायचे. मी त्या खोलीत थांबलो. पंखा फिरत राहिला, साहेबांची लेखणी चालत राहिली, बाहेर हॅमर पडत राहिला. कुणालाही काही कळलं नाही. एकट्या मास्तरांना कळलं असणार.

त्यांना राजीनामा द्यायला सांगितलं. दिला नाही तर बडतर्फी. राजीनाम्याबरोबर कंपनीच्या खोल्याही गेल्या. मी इंग्रजीचा पेपर दिला. चांगला गेला. निबंध लिहिताना कानात आवाज येत होता, थांब, इथे खरखर लागली, आणि मी थांबत होतो, वाक्य घासत होतो, पुढे जात होतो. त्यांच्या शिकवणीचा मी शेवटचा कणही वाया घालवला नाही.

ते नगरला गेले त्या सकाळी मी ट्रकपाशी गेलो होतो. ट्रंक उचलायला हात लावला. मार्थाबाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "सोपानराव, आमच्या सामानाचा पास लिहून आणलात ना? नाहीतर वाटेत पुन्हा कुणी अडवील."

"मार्था, असू दे," मास्तर म्हणाले. मग मला म्हणाले, "बोटं बसली का रे?" मी होय म्हणालो. बसली नव्हती. मी तो पोत्यातून बाहेरही काढला नव्हता.

जूनमध्ये निकाल लागला. देवळासमोर माझा सत्कार झाला, टोपी, उपरणं, नारळ. तात्यांनी फेटा बांधला होता. ते सगळ्यांना सांगत होते, "बेस झालं. लई बेस झालं." मला कायम केलं. पावसाळा संपल्यावर जुन्या मालाच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली, तो बिडाचा पाया सापडला. तो कुणी तिथे हलवला होता हे कुणी विचारलं नाही. नगरला कुणी पत्रही पाठवलं नाही. कुणी म्हणजे कंपनीने, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आलो. मीही पाठवलं नाही.

बँडचा गायक खडकीचा डेव्हिड. तो मला शोधत आला. "मास्तर गेले. आता शनिवारचं काय? ते म्हणायचे, त्यांचा हात तुझ्याकडे आहे." त्यांची जागा दुसऱ्या कुणाला घेता येत नव्हती, कारण त्यांनी दुसऱ्या कुणाला ती शिकवलीच नव्हती. मी कणगीमागून पोतं काढलं. सात वर्षं वाजवलं. कॅम्पातल्या त्या क्लबात, लग्नांत, नाताळच्या नाचांत. हॅमरच्या किंचित मागे, दार लावायला मागून येत. लोक म्हणायचे, खालून काय भरीव वाजतं हो याचं! मी मान लववायचो. वाजवताना डावा हात मानेवरून खाली सरकला की ती पितळी पट्टी तळव्याला लागायची. गार. कितीही वाजवलं तरी तापायची नाही. सोल गाणाऱ्याने साल काढून गायचं असतं. मी चांगला वाजवत होतो, पण साल अंगावर ठेवून वाजवत होतो, आणि ऐकणाऱ्यांना ते कळत नव्हतं, हा माझ्या कलेवरचा सगळ्यांत मोठा शेरा.

मग डिस्को आलं. बँडमध्ये एक की-बोर्डवाला आला, त्याचा डावा हातच माझं काम करू लागला. एका शनिवारी डेव्हिड म्हणाला, "शिंदे, वाईट नको वाटून घेऊ भावा." मला वाईट वाटलं नाही. ज्या जागेवर बसायला नको होतं तिथून उठवलं, तर वाईट कसलं वाटायचं! आमच्या विहिरीवरही आता विजेची मोटर आहे. बटण दाबलं की नुसती घूं करते. तात्या बांधावर बसतात. हात वर करून मधेच गप्प व्हायची सवय अजून आहे, पण ऐकण्यासारखं खाली काही उरलेलं नाही.

गेल्या वर्षी याच दिवसांत, लिंब फुललेले असताना, मी तो बेस पुसला, तीन नव्या तारा लावल्या आणि नगरला पार्सल केला. बरोबर माझा पत्ता लिहिलेलं एक कोरं कार्ड ठेवलं, पोच द्यावी म्हणून. पंधरा दिवसांनी कार्ड परत आलं. अक्षर थरथरलेलं, पण ओळखीचं. "बाजा १ मिळाला. या. साळवे." एवढंच. यात राग होता की विनोद, की वहीत जे आत आलं म्हणून लिहिलं गेलं होतं ते अखेर त्यांच्या हाती पोचलं एवढीच नोंद होती, मी वर्षभर ठरवतोय. कार्ड माझ्या पदवीच्या चौकटीमागे खोचून ठेवलंय. पदवीवरची बी आणि ए ही दोन अक्षरं बरोबर आहेत. माझं चुकलं ते त्यापुढचं.

पार्सलमध्ये तारांखाली मी जे पत्र ठेवलं होतं त्याची नक्कल माझ्याकडे आहे. तीच इथे उतरवतो.

ती. साळवेमास्तर यांस,
सोपान शिंदे याचा सा. नमस्कार.

आपला बेस परत पाठवीत आहे. तीन तारा नव्या आहेत. सगळ्यांत जाड तार जुनीच ठेवली आहे, कारण ती तुम्ही लावलेली होती. मानेवरची पट्टी अजून पक्की आहे. तुमच्या हातचं काम हललं नाही.

त्या दिवशी साहेबांनी मला विचारलं तेव्हा खरं उत्तर असं होतं, "स्पेलिंग माझं चुकलं आहे, आणि वाद्य माझ्या घरी आहे." हे मला मराठीत येत होतं. तुम्ही शिकवल्यामुळे इंग्रजीतही येत होतं. मी ते कुठल्याच भाषेत बोललो नाही.

मी पहिल्यांदा नोकरीला घाबरलो असं तुम्हाला वाटत असेल, तर ते तसं नव्हतं. मी हसण्याला घाबरलो. तुमच्या दोन खोल्या माझ्या एका स्पेलिंगपायी गेल्या.

क्षमा मागत नाही. तुम्ही ती द्याल, आणि मला बरं वाटेल. मला बरं वाटावं म्हणून तुम्ही आधीच पुष्कळ केलं आहे.

मार्थाबाईंना सांगावं, या सामानाचा पास लिहून आणला आहे. पार्सलच्या पावतीवर वस्तूचं नाव मी माझ्या हाताने लिहिलं आहे. बी, ए, डबल एस. एक नग. मालक, या. साळवे.

तपासून घ्यावे.

आपला,
सोपान